मोजायचं राहून गेलेलं पाणी

सर हजेरी घेण्याआधी कातडी बघायचे. वर्गाच्या दारातच विद्यार्थ्याच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरायची, सोडायची आणि ती किती लवकर खाली बसते ते पाहायचं. घडी जराशी तशीच राहिली की म्हणायचे, "सुकून राह्यला लेका तू. जाय, आंधी पाणी पिऊन ये, मंग बस." उन्हाळ्यात सायकली हाणत येणारी आम्ही खेड्यातली मुलं या परीक्षेत हमखास नापास व्हायचो.

वाशिमच्या कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. मी पहिल्यांदा नापास झालो तेव्हा त्यांनी मला आपल्या खोलीतल्या माठाकडे पाठवलं. माझ्या गावात आम्हा बौद्ध घरांतल्या माणसांना दुसऱ्याच्या दारी पाणी मिळालं तर ते वरून ओंजळीत मिळायचं. ओतणाऱ्याचा हात थांबला की आपली तहान संपली, असं समजायचं. सवयीनं मी माठाजवळ ओंजळ करून उभा राहिलो. सरांनी माझ्या हातात गडू दिला. "आपल्या हातानं घे. तुले किती तहान हाये, ते मले काय माईत?" मी दोन गडू प्यालो. घरी आईला सांगितलं, तेव्हा ती चुलीकडे वळली. बराच वेळ चुलीतली लाकडं सारखी करत राहिली.

वाशिममध्ये मात्र त्यांचं नाव 'पपईवाले सर' पडलं होतं. कॉलेजमागच्या पपईच्या झाडापाशी रोज सकाळी ते ब्लेड घेऊन हजर असत. कच्च्या फळाला चीर द्यायची आणि गळणारा पांढरा चीक काचेच्या बशीत धरायचा. चिकानं त्यांच्या बोटांची सालं निघालेली असत. कॉलेजात झाडलोट करणाऱ्या जनामावशी म्हणायच्या, "सर पपई पिकू बी देत नाई अन् कोनाले खाऊ बी देत नाई. नुसती ओरखडून राह्यले!"

हा चीक सरांच्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी होता. एकदा त्यांनी वर्गात एन्झाइमसाठीचा 'विकर' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी 'विकार' असा वाचला. सर हसले आणि पुस्तकी मराठी सोडून घरच्या बोलीवर आले.

"मटनात कच्ची पपई काहून टाकतेत?"

"लवकर शिजाले, सर."

"शिजत नाई, तुटते. तिच्या चिकातलं विकर मासाचे धागे तोडते. आता कातडी म्हंजे काय? अंगातलं पाणी धरून ठेवनारी भिंत. तिले हा चीक लावला तं पाणी बाहीर पडन का नाई? थेच मले पाह्यचं हाये."

त्यासाठी त्यांनी पांढरे उंदीर पाळले होते. उंदरांच्या पाठीवरचे केस काढायचे. काहींना पातळ केलेला चीक लावायचा, काहींना नुसतं पाणी. मग दिवसभर पिण्याचं पाणी बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ वजन करायचं. चीक लावलेल्यांचं वजन जास्त उतरलं, तर भिंत फुटली.

या उत्तरावर सरांचं बरंच काही टांगलेलं होतं. माझ्यासारखेच तेही घरातले पहिले शिकलेले. रिसोडला त्यांच्या वडिलांनी बाजारात आधीच सांगून ठेवलं होतं, की पोरगा डाक्टर होऊन राह्यला. सर सुट्टीत घरी गेले की लोक पोटदुखी घेऊन दारात येत. सर ओव्याचं पाणी सांगून त्यांना वाटेला लावत आणि वडील म्हणत, "पाह्यलं? फुकटात!"

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात प्रयोगाची शेवटची फेरी उरली होती. कॉलेजच्या नळाला धड धार नव्हती, बाहेर टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत. त्या फेरीच्या संध्याकाळी वजनं घेताना मी प्रयोगशाळेतच होतो. चीक लावलेल्या एकाही उंदराचं वजन उतरलेलं नव्हतं. काहींचं तर वाढलं होतं. आधीच्या सगळ्या फेऱ्यांच्या हे उलट होतं.

हे कानावर येताच प्राचार्य प्रयोगशाळेत आले आणि तिथं झाडणाऱ्या जनामावशींवर भडकले. "तूच पाणी पाजलं असशील!"

"माह्या लेकराची आन, मी नाई पाजलं," मावशी रडकुंडीला आल्या.

"मीच पाजलं," सर म्हणाले. "दुपारी रिकाम्या नळीले जिभा लावून राह्यले होते. मले पाह्यवलं नाई."

हीच गोष्ट त्यांनी प्रबंधाच्या मार्गदर्शकांनाही कळवली. ती फेरी गाळून टाकली असती तर चाललं असतं, असं पुढे मला जाणत्यांनी सांगितलं. मार्गदर्शकांना मात्र सगळ्याच आकड्यांची शंका आली. पुन्हा पहिल्यापासून करा, म्हणाले. आणि माणसांना पाणी नसताना उंदीर कसले पोसता, असं म्हणून प्राचार्यांनी पिंजऱ्यांची खोली बंद केली. सरांनी मग प्रबंधाचं नाव काढलं नाही. पपई झाडावरच पिकू लागली. मावशी फळं कापून सगळ्यांना वाटत, पण थट्टा करत नसत.

काही वर्षांनी रिसोडच्या एस.टी. स्टँडवर सर भेटले. मी तेव्हा नागपूरला संशोधनाला लागलो होतो. त्वचेच्या आत स्वतःची विकरं असतात आणि पाणी अडवणारी ती भिंत तीच घडवतात-मोडतात, असं मी उत्साहानं सांगत होतो. सर मान डोलावत होते. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी बाटल्या लावल्या नं, तं चीकवाल्याइनं केवढं पाणी पेलं! त्याइच्या बाटल्या आंधी रिकाम्या झाल्या. भिंत फुटलीच होती लेका. उत्तर माह्या डोयापुढं होतं. तेवढं पाणी मोजलं असतं तं प्रबंध झाला असता."

"मग का नाही मोजलं, सर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही शिकलोच नाही. "तहानलेल्याले पाणी देतानी मोजाचं सुचते का कोनाले?"

माझी गाडी लागली. सरांनी माझा हात उलटा केला, चिमटी धरली, सोडली. "जाय," ते म्हणाले, "पाणी पिऊन बस." त्यानंतर आमची भेट झाली नाही. वडिलांच्या त्या डाक्टराची पाटी कुठल्याच दारावर लागली नाही.

आज माझ्या नावाआधी ती अक्षरं आहेत. कोणी त्या नावानं हाक मारली की माझा अंगठा नकळत हाताच्या मागच्या कातडीकडे जातो. वयानं आता घडी लवकर बसत नाही, आणि जा, आधी पाणी पिऊन ये, असं म्हणणारं कोणी नाही.