टॉवेलच्या पट्ट्या

९ फेब्रुवारी, रविवार. कारखान्याला सुट्टी होती. सकाळी धुणं वाळत घातलं आणि टॉवेलच्या कडांच्या पट्ट्यांचं गाठोडं बांधायला बसले. मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. कापताना कडेची दोन बोटं रुंद पट्टी निघते, ती टाकाऊ. सोलापुरात या पट्ट्यांनी काहीही बांधतात, फळ्या, गाद्या, भाजीच्या जुड्या. मी मात्र त्या बहिणीच्या हॉस्पिटलमधल्या वॉर्डसाठी नेत होते. महिन्याभरापूर्वी तिथला वॉर्ड सांभाळणाऱ्या मावशींनी पुसायला फडकी मागितली होती, तेव्हा एक गाठोडं दिलं होतं. हे दुसरं.

माझी धाकटी बहीण जन्मापासून ऐकत नाही, बोलत नाही. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि तिच्याशी हातांनी, असं लहानपणापासून चालत आलं. दोन वर्षांपूर्वी तिला भास व्हायला लागले. रात्र रात्र झोपायची नाही, घराबाहेर धावायची. गेल्या दिवाळीनंतर तिला गावाबाहेरच्या एका खाजगी मनोरुग्णालयात ठेवलं. औषध लागू पडत होतं. ती झोपत होती, जेवत होती, मावशी कशा घोरतात त्याची नक्कलही करून दाखवत होती.

भेटीची वेळ चारची. त्या दिवशी मी घरचं काम आटोपून एक वाजताच गेले. पहारेकऱ्याने कुरकुर केली, पण गाठोडं बघून सोडलं. धागे काढायची माझी छोटी कात्री मात्र नेहमीप्रमाणे गेटवर ठेवून घेतली.

वॉर्डात मावशी नव्हत्या. बहीण कॉटवर बसलेली, दोन्ही मनगटं कॉटच्या दांडीला बांधलेली. पट्टी पांढरी, कडेला हिरवी रेघ. आमच्याच कारखान्याचा माल. आणखी दोन बायका तशाच, त्याच पट्टीने.

दुसऱ्या कोणाचे हात बांधले तर तो निदान ओरडून सांगू शकतो. हिचे बांधले की झालं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि बांधलेल्या हातांची फक्त बोटं हलत होती.

कात्री गेटवर, म्हणून नखांनी गाठी सोडवल्या. तिघींच्याही. हात मोकळे झाल्याबरोबर तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तू लवकर कशी आलीस. दुसरी, शेजारच्या कॉटवरच्या आजीचं अंथरूण ओलं आहे, मी तीन दिवस सांगतेय. मावशींचा पदर ओढून सांगत होती, म्हणूनच बांधली गेली होती.

तेवढ्यात मावशी जेवणाचं पातेलं घेऊन वर आल्या. मैंदर्गीकडच्या आहेत, मला अक्का म्हणतात.

"अक्का, मी काय हौसेनं बांधते व्हय? चौदा बायका अन् मी एकटी. खाली जेवण आणाया गेले की हितं कोण बघणार?"

"म्हणून बांधायचं?"

"दोरीनं वळ उठतात की. ही लई मऊ हाय म्हणून हीच घेतली. तुमीच दिलेली."

आजीचं अंथरूण मी आणि मावशींनी मिळून बदललं.

डॉक्टर पाच वाजता येतात. मी थांबले. भीती एकाच गोष्टीची होती. मी आवाज चढवला आणि ते म्हणाले, घेऊन जा तुमचा पेशंट, तर मी तिला कुठे नेणार होते? पण दाखल करताना सही केलेला कागद मी पूर्ण वाचला होता, पेशंटला बांधण्याबद्दलचे कायद्यातले नियम त्यात छापलेले होते. चेकिंगवाली बाई न वाचता सही करत नाही.

"सुरक्षेसाठी बांधलं असेल," डॉक्टर म्हणाले.

"असेल म्हणजे? तुम्ही सांगितलं होतं का? रजिस्टरला लिहिलंय का?"

रजिस्टर मागवलं. पान कोरं.

"तिची प्रतिनिधी म्हणून सही माझी आहे. बांधलं तर मला कळवायला हवं होतं. कळवलं नाही."

"बाई, माणसं कमी आहेत हो."

"ते कारण चालत नाही, कायद्यातच लिहिलंय. आमच्या कारखान्यातही माणसं कमीच आहेत. मी लेखी तक्रार देते, एक प्रत तुम्हाला, एक मानसिक आरोग्य मंडळाला."

"म्हणजे तिला घेऊन जाताय?"

"नाही. औषध इथलं बरोबर आहे. ती इथंच राहील, हात मोकळे ठेवून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मावशींना बोलावलं. जेवण यापुढे स्वयंपाकघरातली बाई वर आणून देईल, मावशींनी वॉर्ड सोडायचा नाही. डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय कोणालाही बांधायचं नाही. हे त्यांनी रजिस्टरला माझ्यासमोर लिहिलं. एक पातेलं वर कोणी आणायचं, एवढाच प्रश्न होता. तक्रार मी तरीही दिली. त्यांनी पोच दिली.

कॉटच्या वर मी कागद चिकटवला: हिला ऐकू येत नाही. ही हातांनी बोलते. हात धरू नका.

"मला वाचता येत न्हाय," मावशी म्हणाल्या. मग बहिणीनेच त्यांना पाणी, संडास आणि दुखतंय या तीन खुणा शिकवल्या. दोनदा चुकल्यावर त्यांच्या हातावर चापट मारली. मावशी हसल्या. घरी येताना दोन्ही गाठोडी परत आणली. त्या रात्री मला लगेच झोप लागली.

सकाळी ड्युटीआधी सगळ्या पट्ट्या वीतभर लांबीच्या कापल्या. कशालाही गुंडाळून गाठ मारता येणार नाही, एवढ्याच. पुसायला त्या पुरतात. पिशवीत भरून रुग्णालयाच्या गेटवर दिल्या आणि आठच्या ठोक्याला चेकिंगच्या टेबलावर बसले.