आई पलीकडं राहायला गेली

माझं माहेर कोल्हापूरला लागून, पुण्याकडं जाणाऱ्या हायवेवर आहे. अलीकडच्या अंगाला आमची घरं, गोठे आणि देऊळ, पलीकडं शाळा, दूध डेअरी आणि मुसलमान आळी. पूर्वी लोक हात वर करून रस्ता ओलांडायचे आणि ट्रकवाले शिव्या देत का होईना, थांबायचे. आता रस्ता सहापदरी होतोय. मधोमध छातीएवढी सिमेंटची भिंत उभी राहिलीय, दोन्हीकडं मातीचे भराव आलेत, आणि तुटलेलं गाव जोडायला म्हणून शिवाराच्या टोकाला एक बोगदा बांधलाय. ज्यांनी हे आखलं, त्यांना गाव म्हणजे गाडीच्या काचेतून दिसणारी अडचण वाटत असणार. मला त्यांचा राग येत नाही. राग यायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते.

या कामावर माझा धाकटा भाऊ डंपरनं मुरूम टाकतो. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत त्याचा फोटो असतो, हात जोडलेले आणि डोळ्यांवर गॉगल. काम सुरू होताना देवळाच्या सभामंडपात बैठक झाली, तेव्हा मी शिवाजी पेठेतून, माझ्या सासरहून, मुद्दाम गेले होते. पडद्यावर रस्त्याची फिल्म दाखवली. दोन्हीकडं झाडं, मधून गुळगुळीत गाड्या, आणि माणूस एकही नाही. मी विचारलं की म्हाताऱ्या बायकांनी पलीकडं कसं जायचं. हायवेच्या इंजिनिअरनं मोबाईलवरची नजर न काढता भुयारी मार्ग होणार असल्याचं सांगितलं. नेत्यानं विकासासाठी थोडी कळ सोसायला सांगितली, आणि पहिली टाळी माझ्या भावानं वाजवली.

पलीकडं आईची मैत्रीण राहते. आम्ही सगळे तिला भाभी म्हणतो. ती जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवते. आई लग्न होऊन गावात आली तेव्हापासूनची ही दोस्ती. सकाळी डेअरीत दूध घालून आई तिच्या दारात टेकायची, दोघी एकाच वाकळेला दोन टोकांनी टाके घालायच्या. भिंत झाली आणि हे थांबलं. दूधसुद्धा भाऊ गाडीवरून नेऊ लागला.

गेल्या उन्हाळ्यात भाभी सर्व्हिस रोडच्या सुट्या खडीवरून घसरली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. तिची लेक इचलकरंजीहून आली, पण तिला तिचा संसार, ती किती राहणार? आईनं भावाला म्हटलं, मला तिकडं सोड. तो उद्या म्हणाला, मग परवा म्हणाला. दिवसभर त्याचा डंपर भाभीच्या दारावरून जात होता, पण आईला न्यायला त्याला सवड नव्हती. एका सकाळी आईनं पिशवीत दोन लुगडी घातली, रिक्षा बोलावली आणि लांबचा वळसा घालून भाभीकडं राहायला गेली.

भावानं मला फोन करून आई रुसून गेल्याचं सांगितलं. कुठं, म्हटल्यावर म्हणाला, पलीकडं. आमच्या गच्चीवरून भाभीचा पत्रा दिसतो.

त्याची खरी पंचाईत वेगळी होती. बोगद्याचं उद्घाटन गावातल्या एखाद्या ज्येष्ठ माउलीच्या हातून करावं, असं नेत्याच्या मनात आलं होतं, आणि यानं परस्पर आईचं नाव देऊन टाकलं होतं. पत्रिकाही छापून झाल्या होत्या. समजूत काढायला त्यानं मला पाठवलं. मी गेले ते आईला बघायला.

आई भाभीची वेणी घालत बसली होती. मी निरोप सांगितला. भाभीच म्हणाली, जा की अक्का, पोराची अब्रू जाईल. आईनं वेणी पुरी केली, मग माझ्याकडं बघितलं.

"त्याला म्हणावं, त्या बोगद्यातनं चालत मला न्यायला ये. गाडी आणायची न्हाय."

उद्घाटनाच्या सकाळीही मी तिथंच होते. भाऊ आधी आमच्या घराच्या बाजूनं भरावावर चढला आणि भिंतीशी उभा राहून आईला हाका मारू लागला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आणि पुढून-मागून कंटेनर. एक शब्द ऐकू येत नव्हता, नुसतं तोंड हलताना दिसत होतं. एवढ्यात गस्तीची गाडी थांबली. तिच्यातल्या माणसानं काय सुनावलं कळलं नाही, पण भाऊ मुकाट्यानं खाली उतरला. आपण कुणाच्या फोटोखाली असतो, हे त्या माणसाला सांगायचा त्यानं प्रयत्न केला असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग तो बोगद्यातनं आला. आदल्या संध्याकाळच्या वळवानं आत पाणी तुंबलं होतं आणि त्याच्यावर घाईघाईनं मुरूम ओतला होता, याच्याच डंपरनं. दारात आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं भरलेली, एका पायात चप्पल नव्हती. आईनं पाय धुवायला तांब्या दिला. चहा दिला. त्यानं चहा संपवून घड्याळ बघितलं आणि म्हणाला, चल आता, सगळे थांबल्यात.

आई म्हणाली, "कसा आलास ते बघितलंस न्हवं? भाभीला असंच न्यायचं काय दवाखान्यात?"

तो म्हणाला, आता नेतेसाहेबांना काय सांगू. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

आई गेली नाही. नेत्यानं स्वतःच फीत कापली, चिखलावर टाकलेल्या फळीवर उभं राहून. पेपरातल्या फोटोत त्याचे पाय नव्हते.

भाभी वॉकर धरून दारापर्यंत चालू लागली, तेव्हा आई परत आली. भाऊ न्यायला गाडी घेऊन गेला होता. ती रिक्षात बसली, तो रिकाम्या गाडीतून मागं मागं आला. आता ती अधूनमधून रिक्षा करून भाभीकडं मुक्कामाला जाते. गावातले बाप्ये तिला हसतात, म्हातारी पिकनिकला निघाली म्हणतात. गणपतीत नवा फ्लेक्स लागला. बोगद्यातलं पाणी उपसायला पंप बसवल्याबद्दल त्यावर नेत्याचे जाहीर आभार मानले होते. खालच्या ओळीत भाऊ होताच, गॉगल लावून.