राखेनं घासलेला तवा

घाबरण्यात मी कोणाला हार जायची नाही. कपाशीवर फवारणी सुरू झाली की मला अकोटजवळ दिलेल्या लेकीचा घोर लागायचा. त्या वर्षी तर ती पाच महिन्यांची पोटुशी होती. सासरी ओसरीत फवारणीचे पंप, जावयाच्या शर्टाला तो उग्र वास, आणि सगळे त्याला म्हणणार 'औषध'. हेच औषध पिऊन कोणी कुठे जीव दिला, ते त्या वर्षांत रोज पेपरात यायचं. मला सकाळी पेपर उघडायचीच धास्ती वाटे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच असतं. पण त्यासाठी लेकीला सातव्यात आणतात. मी पाचव्यातच आणायला गेले. विहीणबाईंना ते लागलं.

"आमी काय तिले जहर देऊन राहिलो काय?" त्यांनी तोंडावर विचारलं.

"तसं नाही हो. पण माह्या घरी तिच्या पोटात तसलं काही जानार नाही," मी तोऱ्यात म्हणाले. अकोल्यापर्यंत एसटीत लेक खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी नवा नॉनस्टिक तवा होता. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारावर यायची, तिच्याकडून घेतलेला. त्यापायी यजमानांच्या तीन पँटी गेल्या, त्यातली एक ते आठवडाभर शोधत होते. तव्याला काही चिकटत नाही, तेल लागत नाही, म्हणून मी खूश. पोटुशीला तेलकट नको, म्हणून तिच्यासाठी सगळं त्याच तव्यावर.

तवा नवा, पण हात जुनेच होते. ज्वारीच्या भाकरीला तवा कडकडीत तापलेला लागतो, म्हणून मी तो रिकामाच मोठ्या आचेवर ठेवून पीठ मळायला बसायची. भाकरी उलटायला लोखंडी सराटा. आणि घासायला राख न् नारळाची शेंडी. राखेनं घासल्याशिवाय भांडं चोख होत नाही, हे माझ्या आईनं शिकवलेलं. काळं निघेपर्यंत घासायचं. या तव्याचं काळं निघत होतं, तर मला वाटे, मळ निघतोय. महिन्याभरात मधोमध पांढरे चट्टे पडले. भाकरीला काळे कण दिसत, ते करपल्याचे समजून मी बोटानं झटकून टाकायची.

दोन महिने असे गेले. मग एका दुपारी पेपरच्या पुरवणीत वाचलं. असा तवा रिकामा तापवू नये, फार तापला तर त्यातून विषारी वाफा निघतात, घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर दगावतो. धातू लावू नये, खरवडू नये. तव्यावरचा थर तयार करताना वापरलेलं रसायन शरीरात वर्षानुवर्षं राहतं, आणि पोटातल्या बाळाला त्यापासून धोका असू शकतो.

समोर लेक ताट घेऊन बसली होती. मी तिच्या हातातली भाकरी ओढून घेतली.

"काय झालं वं आई?"

"मीठ जास्त झालं," मी म्हणाले. आमच्या घरी भाकरीत मीठ घालतच नाहीत, हेसुद्धा सुचलं नाही.

तपासणीच्या दिवशी तिला बाहेर बसवून मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "कण सहसा तसेच बाहेर पडतात. तवा फेकून द्या. बाळाची वाढ चांगली आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काही होनार नाही ना?"

"छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, काकू."

तेवढं एकच वाक्य मी घरी घेऊन आले. पुढचे दिवस कसे काढले, ते माझं मला माहीत. बाळ पोटात कमी फिरलं तरी मी रात्रभर लेकीच्या उशाशी जागत बसायची. शेवटी नवव्यात राहवलं नाही, आणि मी लेकीजवळ रडत सगळं सांगून टाकलं.

ती हसायलाच लागली. "एवढंच? काहून इतकी घाबरून राहिली तू? आमी तर शेतात पानी औषधाच्या रिकाम्या डब्यातच नेतो. तण निंदाले गेली की मीबी तेच पेत होती. काही होत नाही. राखेनं चांगला घासून घेतो ना, तुह्यासारखाच."

माझं रडू जागच्या जागी थांबलं.

मुलगी झाली. सगळे नाक कोणावर गेलं ते पाहत होते, मी तिच्या मुठी उघडून बोटं मोजत होते. दहा भरली, तरी पुन्हा मोजली. सासरी पाठवताना साडी, लाडू, दुपटी असं सगळं दिलं, आणि त्यासोबत एक लोखंडी तवा न् बाजारातून आणलेला पाण्याचा नवा कोरा डबा. न्यायला आलेल्या विहीणबाई हसल्या.

"पान्याचा डबा कोनी देते काय लेकीले?"

उत्तर मी कितीतरी दिवस घोकून ठेवलं होतं, ते विसरले.

"विहीणबाई, जहर मीच देलं तिले. दोन महिने. मले समजलंच नाही," मी म्हणाले. "शेतात पानी तेवढं याच डब्यात नेत जा."

त्यांचं हसू थांबलं. मग त्यांनी स्वतःच तो डबा उचलला आणि जीपमध्ये नातीच्या दुपट्यांशेजारी ठेवला.