फरशीखालचं मूळ

कुंडीत खोड जाड होत नाही, म्हणून बोन्सायसाठीची चिंच मी चार वर्षं अंगणातल्या मातीत वाढवली. मुळं आडवी पसरावीत म्हणून खाली फरशी पुरली होती. माझ्या बोन्सायच्या वहीत लिहिल्याप्रमाणे आज चिंच कुंडीत हलवायची होती. खणलं, तर फरशी तडकलेली आणि फटीतून अंगठ्याएवढं मूळ थेट खाली गेलेलं.

"कापलंस तर जगेल?" पायरीवरून सासूबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"अगंबाई! तुझ्या वहीत नाही लिहिलेलं?"

करवत मुळाला टेकताच शेंड्याची पानं थरथरली. मी थांबले. मुक्काम तात्पुरता आहे, हे चिंचेला कुणी सांगितलं होतं? दिलेली जमीन तिनं आपली मानली.

मी माती परत लोटली आणि वहीत 'कुंडी' खोडून 'आळं' लिहिलं.