डाव्या बाजूचा डग्गा

आमच्या सीमाभागात आजवर जेवढ्या मुली बघून झाल्या असतील, त्यांतल्या एकीचीही झाली नसेल एवढी चौकशी माझे थोरले साडू एक जुनी तबकडी विकत घेताना करतात, हे मी बेळगावच्या कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार निपाणी. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. त्यांची उभी हयात तंबाखूच्या वखारीत माल पारखण्यात गेली. पान उजेडाला धरायचं, बोटांनी चाचपायचं, नाकाशी न्यायचं आणि मग मान हलवायची. कशी हलली त्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. निवृत्तीनंतर पानांच्या जागी गाण्याच्या तबकड्या आल्या, बाकी काही बदललं नाही. तबकडी ते आधी उजेडाला धरतात, मग चाचपतात आणि खरोखरच हुंगतात. "ही देवघराजवळ हुती," असं ते एकदा छातीठोकपणे म्हणाले. विकणारा म्हणाला, देवघराजवळ नाही, धुण्याच्या साबणाजवळ होती. अण्णा म्हणाले, "साबण चंदनाचा असंल."

हा सगळा व्यवहार चालतो मोबाइलवरच्या जुन्या सामानाच्या बाजारात. तिथे कोणी पंखा विकतो, कोणी पाळणा, आणि मधूनच एखादा नातू आजोबांच्या तबकड्यांचा फोटो टाकतो. तुम्ही-आम्ही तबकडी बघू. अण्णा तिच्याखालची चादर बघतात. "चादर बघा पाव्हणं, इस्त्रीची हाय. माणसं नीट असणार." मग निरोप. त्या बाजारात 'आहे का' असं विचारणारं एक तयार बटण असतं, ते दाबणं अण्णांना असंस्कृतपणाचं वाटतं. एका विक्रेत्याने स्वतःचं नाव नुसतं 'किंग' ठेवलं होतं आणि फोटो मोटारसायकलचा. त्यालाही अण्णांनी लिहिलं, "श्रीयुत किंग यांस सप्रेम नमस्कार. आपल्याकडील तबकडी पाहिली. घरी वडीलधारे कोण असतात ते कळवावे." किंगने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एवढ्यावर अण्णा दोन दिवस खूश होते.

कुरियरने तबकडी मागवणं तर त्यांना साफ नामंजूर. माणसाने जाऊन बघायला पाहिजे. सदलग्याला असेच आम्ही गेलो होतो. अण्णा कडक इस्त्रीत, मी सोबतीला, हातात पेढ्यांचा पुडा. दार उघडणारा मुलगा बिचारा बर्म्युडावर होता. पेढे बघून तो आत पळाला आणि पँट घालून आला. अण्णा टेकले, पाणी प्याले, आणि सुरू झाले. "पहिल्यांदा घरात कुणी आणली? पावसात भिजलीया काय? उन्हात वाकलीया काय? काय दोष असला तर आत्ताच सांगा, मागनं कळाय नको." तो मुलगा म्हणाला, "काका, रेकॉर्डच हाय की वो ती. घ्यायची तर घ्या, न्हाईतर ऱ्हावू दे." अण्णांना हे बोलणं फार लागलं. पण तबकडी पसंत पडली होती. उठताना त्यांनी मुलाच्या आईला नमस्कार करून सांगितलं, "काळजी करू नगासा. आमच्यात लई निगुतीनं ठेवतो." त्या माउलीने घरात नक्की काय ठरलं म्हणून मुलाकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

नवी तबकडी निपाणीत शिरली की गृहप्रवेश. अण्णा तिला रिठ्याच्या पाण्याने पुसतात, स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात ताटांच्या शेजारी सुकवतात, मग कुंकवाचं एवढंसं बोट कव्हरला, आणि शेवटी लग्नातल्यासारखा अत्तराचा फाया स्वतःच्या कानात. हिन्याच्या अत्तराचा. फाया कानात असल्याशिवाय पहिलं गाणं वाजत नाही. माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या आक्का, हे सगळं दारातून बघत असतात. "मला बघाय आलता तवा मान वर केली न्हवती," त्या म्हणतात. "आता तबकडीला आजा-पणजा इचारतोय." यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं असतं, "तवा अनुभव न्हवता."

तर गेल्या वर्षी या सुखी संसारात बिघाड सुरू झाला. अण्णांनी आणलेली प्रत्येक तबकडी अधू निघायला लागली. त्यांच्याकडे सनईची एक तबकडी आहे. म्हणजे होती, ते पुढे येईलच. सगळ्यांत लाडकी. तिच्यात सनई उजव्या बाजूच्या स्पीकरमधून येते आणि तिला साथ करणारा डग्गा डाव्या. एक दिवस अण्णांना डावीकडचा डग्गा ऐकू येईना. नव्या तबकड्यांतही तेच, डावी बाजू मेलेली. मग विक्रेत्यांवर जो तोफखाना सुटला त्याला तोड नव्हती. किंगला निरोप गेला की आपल्या घराण्याकडून ही अपेक्षा नव्हती. सदलग्याच्या मुलाला फोन गेला. तो म्हणाला, "काका, आमच्यात दोन्ही बाजूनं वाजत हुती." अण्णा म्हणाले, "म्हंजे आमच्यात येऊन बिघडली म्हणतोस?"

तबकड्यांवरून संशय सुईवर गेला, सुईवरून वायरीवर, आणि वायरीवरून जिथे तो फक्त निपाणीतच जाऊ शकतो तिथे गेला. "पाव्हणं, हिकडचा करंट पातळ हाय," त्यांनी मला फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. "महाराष्ट्राच्या करंटवर लावून बघाय पाहिजे." रविवारी मी बेळगावहून निपाणीला पोचलो तर हे गृहस्थ रेकॉर्ड प्लेअर दुपट्यात गुंडाळून, दोन्ही स्पीकर माझ्यासाठी पिशवीत भरून तयार. हद्दीपलीकडे कागलला त्यांची बहीण असते. बसमध्ये प्लेअर त्यांच्या मांडीवर. कंडक्टरने दुपट्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "झोपलंय व्हय?" अण्णा म्हणाले, "जरा आजारी हाय." कागलला बहिणीने उंबऱ्यातच कपाळाला हात लावला. प्लेअर लावला, सनई वाजली आणि अण्णांच्या चेहऱ्यावर सीमाप्रश्नाची सगळी निराशा उतरली. डग्गा महाराष्ट्रातही मुकाच होता. "म्हंजे दोनी सरकारं सारखीच," ते म्हणाले.

पण मला तर डग्गा चांगला ऐकू येत होता. घुमत होता. कागलमध्ये मी बोललो नाही. निपाणीत परत आल्यावर म्हटलं, अण्णा, स्पीकरची अदलाबदल करून बघू. केली. अण्णा एकदम उजळले, "आला! डग्गा आला!" आणि लगेच, "पर सनई कुठं गेली?" मी म्हटलं, आता काहीही न हलवता नुसती खुर्ची फिरवा, स्पीकरकडे पाठ करून बसा. ते तसे बसले. आता सनई आली आणि डग्गा गेला. जे काही त्यांच्या डाव्या हाताला येईल ते नाहीसं होत होतं. तबकडी फिरत राहिली. अण्णांनी डावा हात हळूच कानाशी नेला आणि खाली घेतला.

"हिला काय सांगू नगासा," ते म्हणाले.

त्यांच्या वडिलांचं मला तेव्हा कळलं. म्हातारपणी त्यांचे कान गेले होते. "आप्पा शेवटी सगळ्याला हसायचं," अण्णा म्हणाले. "कोण मेलं म्हणून सांगाय गेलं तरी हसायचं. ऐकू येत न्हवतं, मग हसायचं. आमी पोरं त्यास्नी हसायचो." डॉक्टरचं नाव काढलं की अण्णा उठून आत जायचे. डॉक्टरच्या तोंडून आलं म्हणजे ते खरं ठरतं, असा त्यांचा हिशेब होता. आक्कांना अर्थातच सगळं ठाऊक होतं. आपण डाव्या बाजूला उभं राहून बोललो की हा माणूस गोड हसतो, हे बायकोच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागतो? त्या मला म्हणाल्या, "भांडत हुते तवा बरं हुतं बघा. आता नुसतं हसत्यात."

मग एक दिवस मोबाइलच्या त्या बाजारात मला निपाणीची जाहिरात दिसली. अण्णा तबकड्या विकायला काढत होते, आणि सगळ्यांत आधी सनईची. खाली मजकूर होता, "स्वभावाने शांत. दुसऱ्या बाजूला किंचित अडखळते, बाकी निर्दोष. चांगल्या घरी देणे आहे." मी हसलो आणि मग मला हसवेना. फोन केला. म्हणाले, "अर्धीमुर्धी ऐकून तिचा अपमान कशाला करायचा?" तशातही त्यांचा संताप जिवंत होता, एवढाच दिलासा. कोणी एकाने निरोपात नुसतं 'लास्ट प्राइस?' विचारलं होतं. "लेकीची लास्ट प्राइस इचारतोय, भाड्या!"

शेवटी पसंत पडल्या त्या गुंजीच्या एक निवृत्त शिक्षिका. कारण त्यांनी पहिल्याच निरोपात विचारलं होतं की तबकडीला कोणत्या सुईची सवय आहे. निपाणी आणि गुंजी यांच्या मध्ये बेळगाव, म्हणून देण्याघेण्याचा कार्यक्रम माझ्या घरी ठरला. अण्णा आणि आक्का सकाळीच आले. तबकडी नव्या कापडात गुंडाळलेली, वर इरकली खण आणि नारळ. बाई आल्या, त्यांनी हे सगळं बघितलं आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता खण-नारळ पदरात घेतला. मला त्या तिथेच आवडल्या. मग त्या अण्णांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढी जपलेली, मग देताय का?" अण्णा हसले. त्यांनी पुन्हा विचारलं. अण्णा पुन्हा हसले, जरा जास्तच गोड. आक्कांनी पदर तोंडाला लावला.

बाई उठल्या, समोर येऊन उभ्या राहिल्या. "मागच्या बाकावर असली हसणारी मुलं मी खूप बघितलीत," त्या म्हणाल्या. "कान दाखवलाय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"आज दाखवायचा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला संध्याकाळी फोनवर सांगायचं."

"व्हय बाई," अण्णा म्हणाले. बायकोचं, साडूचं, मुलांचं कोणाचंच न ऐकणारा हा माणूस चपला घालायला निघालासुद्धा.

कानाच्या डॉक्टर पोरसवदा होत्या. अण्णा खुर्चीत असे बसले की जणू निकालाच वाचला जाणार आहे. आक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की हाताला मुंग्या आल्या. डॉक्टरांनी दिवा लावला, कानात पाहिलं, पुन्हा पाहिलं, थेंब सोडले, थोडं थांबल्या आणि एक बारीक चिमटा आत घातला. "हलू नका काका." मग काहीतरी काळपट, ओलं, शेंगदाण्याएवढं बाहेर आलं. डॉक्टरांनी ते उजेडाला धरलं, अगदी अण्णा पान धरायचे तसं, आणि नाक जवळ नेलं. "कापूस आहे," त्या म्हणाल्या. "मळात अडकून पार बूच बसलं होतं. कान ठणठणीत आहे. पण ह्याला अत्तराचा वास कसा काय?"

हिन्याचा फाया! कुठल्या तरी तबकडीच्या गृहप्रवेशाला घातलेला, आत सरकलेला, आणि तिथेच राहिलेला. आधी आक्का हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम करायला लागल्या. मी भिंतीला टेकलो. अण्णा मात्र हालेनात. "पंखा वाजतोय," ते म्हणाले. "डावीकडं पंखा हाय व्हय?"

बाहेर आल्यावर ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले ते राहिलेच. रिक्षांचे हॉर्न, एका दुकानाचं शटर, कोणीतरी कोणाला कन्नडमधून घातलेल्या शिव्या. अण्णांनी सगळ्याचा मनमुराद आस्वाद घेतला. एका शिवीला तर त्यांनी दाद दिली. आक्का त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "आता येतंय न्हवं ऐकाय? मग सुरवातीपास्नं सांगते." आणि त्यांनी वर्षभराचं सगळं पुन्हा, क्रमाने, निपाणीची बस लागेपर्यंत सांगितलं. अण्णा प्रत्येक वाक्याला 'व्हय' म्हणत होते. हसत नव्हते.

पुढचा आठवडा विक्रेत्यांची माफी मागण्यात गेला. सदलग्याला पुन्हा पेढे गेले. किंगला लिहिलं, "दोष आमच्याच कानात होता. आपले घराणे निष्कलंक आहे." उरलेल्या तबकड्यांची जाहिरात काढून टाकली. राहता राहिली सनई. बाईंनी संध्याकाळच्या फोनवरच सांगितलं होतं, हवी तर परत घेऊन जा. अण्णा म्हणाले, "न्हाई बाई. दिली ती दिली. फकस्त एकदा येऊन बघून जाईन म्हणतो."

म्हणून परवा आम्ही दोघं बेळगावहून रेल्वेने गुंजीला गेलो. बाईंनी पोहे केले होते. तबकडी लावली. अण्णा स्पीकरच्या बरोबर मध्ये बसले, हात मांडीवर, डोळे मिटून. उजवीकडून सनई आली आणि थोड्या वेळाने डावीकडून डग्गा. त्यांच्या डाव्या गुडघ्यावरचं एक बोट हललं, बस्स, तेवढंच. दुसऱ्या बाजूला ती अडखळते त्या ठिकाणी ती अडखळली आणि बाई आपल्या माणसाचं काहीतरी चुकल्यासारख्या ओशाळून म्हणाल्या, "एवढं चालायचंच." अण्णांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. निघताना त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. "तरास न्हाई न्हवं देत?"

"छे. रुळली आता," बाई म्हणाल्या.

स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. अण्णांनी सवयीने खिशातून अत्तराची कुपी काढली, कापसाचा एक फाया केला, कानाशी नेला, आणि मग विचार बदलून शर्टाच्या खिशात ठेवला. त्यांना दोन मुलगे, मुलगी नाही. "आयुष्यभर आणतच आलो बघा, पाव्हणं," ते म्हणाले. "देऊन परत निघायचं कसं असतंय, ठाव न्हवतं."

रूळ दोन्ही बाजूंना रिकामे होते, झाडं गप्प होती. अण्णांनी डावीकडे मान कलती केली आणि पिशवी उचलली.

"उठा. गाडी आली."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी उठून त्यांच्या शेजारी उभा राहिलो, आणि बऱ्याच वेळाने, लोंढ्याच्या बाजूने, खूप लांबून शिट्टी आली.