कूलरखालची हिरवी भिंत

भिंतीवर कुणी ओला हात टेकवला तरी आई फडकं घेऊन धावायची. अशा बाईच्या नशिबी आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर आलं आणि आधीच्या बिऱ्हाडाकडून विकत घेतलेला गळका कूलर आला. मागच्या खिडकीत तो बसवला की पाणी ठिबकत राहायचं आणि खालच्या भिंतीवरचं आधीपासूनचं शेवाळ आणखी हिरवंगार माजायचं. क्वार्टरांच्या दुरुस्त्या बघणाऱ्या इन्क्वायरी ऑफिसात भिंतीची तक्रार करून करून बाबांनी हात टेकले होते. "सरकारी काम आहे, होईल," असं ते म्हणायचे, आणि स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे आईकडून दुप्पट बोलणी खायचे.

आम्ही अंदमानहून बदली होऊन थंडीतच दिल्लीत आलो होतो. सामान मात्र बोटीने आणि मग मालगाडीने रखडत रखडत आलं, तोवर चैत्र लागला होता. पोर्ट ब्लेअरच्या अंगणातलं एक ऑर्किड आईने फांदीच्या ओंडक्यासकट खोक्यात घातलं होतं. खोकं उघडलं तर ऑर्किडचं वाळून कोळ झालेलं. आईचा चेहरा पडला. पण मी ओंडका उलटा केला आणि खालच्या बाजूला चिकटलेला एक शंख दिसला. अंगठ्याएवढा, पिवळा, गुळगुळीत, इतका देखणा की मी तो हळूच सोडवून आईच्या हातावर ठेवला आणि नाचायलाच लागले.

आईने तो उलटसुलट करून पाहिला. टोक खाली धरलं. तोंड उजवीकडे उघडत होतं. तोंडाशी कागदासारखा पापुद्रा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

"अहो, हा उजवा शंख आहे," आई दबक्या आवाजात म्हणाली. "लोक जन्मभर शोधतात."

झालं. शंख देवघरात गेला. रोज सकाळी त्याला आंघोळ, गंध, फूल. दोन दिवसांत कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांत बातमी पोचली. त्यात चैत्रगौर बसलेली, म्हणून आईने हळदीकुंकू ठरवलं आणि शंख पाळण्यातल्या गौरीच्या पायाशी मांडला. अशा शंखांची एक जात झाडांवर राहते, आणि एकाच झाडावर तिच्यात डावे-उजवे दोन्ही सापडतात, हे मी फार पुढे वाचलं. बरं झालं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, नाहीतर आमची एवढी मजा हुकली असती.

बायका आल्या. कैरीची डाळ, पन्हं, वर कूलरचा गार वारा. वरच्या मजल्यावरच्या आजी शंखाला नमस्कार करायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पापुद्रा फाटला होता. आतून काहीतरी ओलं, मऊ बाहेर येत होतं. आधी दोन शिंगं, मग आणखी दोन. बघता बघता आमचा उजवा शंख पाळण्याच्या साखळीवर चढला आणि गौरीच्या खांद्याकडे निघाला. गोगलगाय होती ती. जिवंत. मी टाळ्या पिटत ओरडत होते आणि कुणाच्या तरी हातातलं पन्हं सांडलं होतं.

"किडा आहे हा," आजी म्हणाल्या. "देव बाटले. आधी बाहेर फेक आणि देवांना पंचामृताने न्हाऊ घाल."

आई लाजेने लाल झाली होती. एवढ्या बायका बोलावून फजिती झालेली. पण तिने गोगलगाय अलगद तळहातावर घेतली. "देवांना न्हाऊ घालते आजी," ती म्हणाली. "पण एवढ्या लांबून उपाशी आलेली पाहुणी आहे. फेकणार नाही."

त्या रात्री मी आईच्या कुशीतच झोपले, इतकी ती मला आवडली होती.

बाबांचे एक सहकारी महिनाअखेरीला पोर्ट ब्लेअरला परत जाणार होते. "तोवर जगली तर त्यांच्याबरोबर पाठवू," बाबा म्हणाले. तोवर जगली तर. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. आंब्याच्या पेटीत ओलं फडकं घालून तिला ठेवली. पालक दिला, कोथिंबीर दिली, काकडी दिली. बाईसाहेब कशाला तोंड लावतील तर शपथ. बाहेर लूचा भाजता वारा सुटलेला, आणि ती दिवसेंदिवस आत आत जात चाललेली. आई स्वयंपाक करता करता पेटीत डोकावून जायची. "खा गं बाई काहीतरी," असं माझ्याशी बोलते तशाच सुरात म्हणायची. आणि मी चिडचिड करायचे, कारण मला काहीच सुचत नव्हतं.

एका सकाळी पेटी रिकामी. मी पलंगाखाली, डब्यांमागे, चपलांत शोधतेय, रडतेय, आणि नेमकी त्याच वेळी बेल वाजली. चुना, बादल्या, तारेचे ब्रश घेऊन दोन माणसं दारात. भिंत खरवडायला आली होती, साक्षात इन्क्वायरीची माणसं. आईला हर्षवायू व्हायचा बाकी होता. तिने त्यांना सरबत दिलं आणि स्वतः मागच्या बाजूला घेऊन गेली.

मी डोळे पुसत मागून गेले. एकाने ब्रश उचलला आणि आई किंचाळली, "रुको!"

खिडकीतून बाहेर पडून आमची पाहुणी शेवाळावर बसली होती. नुसती बसली नव्हती, खात होती. तिच्या मागे हिरव्या भिंतीवर एक नागमोडी स्वच्छ रेघ उमटली होती, कुणी ओल्या बोटाने पुसावी तशी. पालक नाही, काकडी नाही, तिला हे हवं होतं. मी आनंदाने आईच्या कमरेला मिठी मारली.

"भैया, चुना मत लगाओ. हमारी मेहमान खाना खा रही है."

"बीबीजी, कंप्लेंट तो आपने ही लिखवाई थी."

"हां, तो अब मैं ही मना कर रही हूं."

ती माणसं आमच्याकडे वळून वळून बघत निघून गेली. संध्याकाळी बाबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, परत सहा महिने कुणी फिरकणार नाही." "नाही फिरकलं तर नाही," आई म्हणाली आणि कूलरमध्ये आणखी एक बादली पाणी ओतून आली.

महिनाअखेरपर्यंत भिंतीवर रेघांची जाळी झाली आणि गोगलगाय चांगली टुमटुमीत. मग शेवाळाचा एक तुकडा आणि ओला कापूस घातलेल्या, भोकं पाडलेल्या डब्यातून ती विमानाने गेली. आम्ही एवढ्या बदल्या होऊन हिंडलो, पण विमानात आमच्या घरातलं तेवढंच एक माणूस बसलं. नंतर बाबांच्या ऑफिसात त्या सहकाऱ्यांचा ट्रंक कॉल आला. बाबा दुपारीच घरी आले, धापा टाकत.

"चढली का झाडावर?" आईने आधी तेच विचारलं.

"चढली. दिसेनाशी होईपर्यंत चढली म्हणे."

आईने पदर डोळ्यांना लावला आणि मग शिरा केला. मी तीनदा मागून घेतला.

चुन्याची माणसं पुन्हा आली ती पुढच्या वर्षी. आईने सगळी भिंत उभी राहून घासून घेतली, रंगवून घेतली. फक्त कूलरखालचा हातभर हिरवा तुकडा सोडायला लावला. बाबा हसले. "आता कोण येणार आहे?"

"आलीच चुकून कुणी," आई म्हणाली, "तर उपाशी नको राहायला."