बुटात पेडल कळत नाही

गाडीत बसला की तो आधी उजव्या पायातला बूट काढायचा आणि माझ्या मांडीवर ठेवायचा. "बुटात पेडल कळत नाही," असं म्हणायचा आणि मग सीटबेल्ट लावायचा. आठवड्याचे पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. बूट पायाशी ठेवला तर घरंगळून ब्रेकखाली जाईल, हा आक्षेप माझाच होता, त्यामुळे शिक्षाही मलाच. त्या बुटाचं वजन चारशे दहा ग्रॅम. एकदा तो चुकून माझ्याबरोबर घरी आला, तेव्हा बायकोची नजर चुकवून मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला होता.

असा एखादा गृहस्थ तुम्हीही पाहिला असेल. काही बिघडलं की दोष हत्याराचा, हाताचा कधीच नाही. आमचा हा नमुना मिरजेचा. सिंगापूरला सिमेईत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचा आणि जुरोंगला माझ्याच ऑफिसात होता. दोघेही रिफायनरीतले मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळणारे इंजिनियर. दहा-बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कंपनीच्या बसला सव्वा तास लागायचा, त्याच्या गाडीला पाऊण. तो अर्धा तास वाचवायला म्हणून मी त्याच्या गाडीत बसू लागलो.

पेडलला पाय लागला की गाडी उडी मारायची. मग हा दचकून पाय उचलायचा की आमच्या माना पुढे. पुन्हा पाय ठेवला की माना मागे. घर ते ऑफिस एकतीस किलोमीटर, आणि पहिल्याच सोमवारी एकोणीस झटके. मी खिशातल्या डायरीत लिहून ठेवले. मान माझी होती, हिशोब कोण ठेवणार?

"काय मोजणीसाहेब, आज किती?"

"एकोणीस."

"पेडल फार नाजूक आहे हो. नुसती फुंकर मारली तरी धावतं."

"मग उद्यापासून फुंकरीनेच चालवा."

गॅरेजमधल्या म्हाताऱ्या चिनी अंकलने गाडी दोनदा चालवून पाहिली. मी मागच्या सीटवर होतो. एकही झटका नाही. "पेडल ओके ला," अंकल सिंगापुरी हेल काढून म्हणाला. मग याच्या मांडीकडे बोट दाखवून, "यू, लेग टू हेवी." त्या दिवसापासून अंकलचं नाव निघालं की हा तोंड वाकडं करायचा. "त्याला काय कळतंय? माझे वडील बत्तीस वर्षं एसटी चालवत होते. ड्रायव्हिंग आमच्या रक्तात आहे." रक्तात असेलही. पायापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच, असं मी म्हणायचो आणि स्वतःच्या विनोदावर खूश व्हायचो.

वडिलांचा विषय निघाला की त्याचा आवाज मात्र खाली यायचा. अण्णा मिरज-जत गाडीवर होते. त्यांची परीक्षा एकच. शेवटच्या बाकावरचं पोर झोपलं, तर ड्रायव्हर पास. हा स्वतः लहानपणी त्या बाकावर झोपून जतला जायचा आणि झोपूनच परत यायचा. आता अण्णा दिवाळीला पहिल्यांदा सिंगापूरला येणार होते. त्याला बाकी काही दाखवायचं नव्हतं. "अण्णांना माझ्या गाडीत मागच्या सीटवर झोप लागली पाहिजे. एकदाच. तोवर हे पेडल सुधारलं पाहिजे."

दिवाळीला तीन महिने होते. आम्ही कामाला लागलो. आधी पेडलखाली स्पंजची पट्टी. मग जाड मॅट. मग पेडलचा जोर कमी करणारी एक इलेक्ट्रॉनिक डबी त्याने मागवून बसवली. झटके एकोणीसवरून अकरावर आले. त्याने मला कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पाजली. पुढच्या आठवड्यात चौदा, मग सतरा, मग बावीस. मी आलेख काढला आणि निष्कर्षही काढला, पेडलची स्प्रिंग दिवसेंदिवस ढिली पडते आहे. रिफायनरीत नव्या पोरांना आम्हीच शिकवायचो की व्हॉल्व्ह वेडावाकडा चालला तर आधी त्याला खबर देणारा सेन्सर तपासा. आणि इथे दोन अनुभवी माणसं तीन महिने व्हॉल्व्हच उघडत बसली होती.

त्यातच तो नट निघाला. संध्याकाळी बूट मांडीवर घेतला तर आत काहीतरी खुळखुळलं. उलटा केला तर तेरा मिलिमीटरच्या पान्याचा लोखंडी नट. सकाळी हा वर्कशॉपमध्ये गेला होता, तिथेच नट बुटात पडला असणार.

"अहो, दिवसभर यावर चालत होता?"

"कशावर?"

मी नट दाखवला. त्याने तो बघितला, खिडकीच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "कामाच्या गडबडीत कुठे लक्ष जातं!" मी हा किस्सा गणपतीच्या जेवणात चार टेबलांवर सांगितला. चारही टेबलं हसली. तोही हसला.

अण्णा आले त्या दिवशी विमानतळावर मीही गेलो, सामानाला हात म्हणून. अण्णा मागे बसले, मी पुढे, बूट मांडीवर. चांगी ते घर सहा किलोमीटर, आणि नऊ झटके. मी मागे पाहिलं. झोप कुठली! म्हाताऱ्याने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, आणि त्याची नजर रस्त्यावर नव्हती. ती खाली, मुलाच्या पायावर होती.

घरी चहा झाला. हा लगेच सुरू झाला, "अण्णा, गाडी चांगली आहे, फक्त पेडल जरा..."

"पेडलचं ऱ्हाऊ दे. मोजा काढ आन् हितं बस."

"आत्ता? पाहुणे बसलेत, अण्णा."

"पावन्यानं बूट धरलाय तुझा, त्याच्याफुडं कसली लाज? पाय वर घे. डोळं मीट."

पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने मुकाट्याने डोळे मिटले. अण्णांनी टेबलावरची गाडीची चावी उचलली आणि तिचं टोक त्याच्या अंगठ्यावर दाबलं. मग करंगळीवर. मग तळव्यावर, चांगलं जोर देऊन. कातडीवर पांढरे ठसे उठले.

"सांग, कुठं लावली?"

"लावा की आधी."

"लावून झालं, बाळ."

त्याने डोळे उघडले आणि पायाकडे पाहिलं. ठसे अजून होते. त्याची बायको दारात ट्रे घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"डेपोत एक ड्रायवर हुता आमच्या," अण्णा चावी पुसत म्हणाले. "साखर हुती त्याला. सारका म्हनायचा, क्लच बिघडलाय. गाडी बदलून दिली, तर त्या गाडीचाबी बिघडला." मग चावी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

पॉलिक्लिनिकमध्ये साखर निघाली, बरीच जुनी. नर्सने नायलॉनचा धागा उजव्या पायावर दहा ठिकाणी टेकवला, त्याला तीन ठिकाणी कळला. गाडी चालवणं बंद. "बुटात पेडल कळत नाही" हे तो मला रोज दोनदा सांगत होता. मी झटके लिहिले, बुटाचं वजन केलं, नटाचा किस्सा रंगवला. त्याच्या मूर्खपणावर हसायचा हक्क मी तेव्हापासून सोडला आहे, निदान पेडलपुरता.

अण्णा परत जायच्या दिवशी गाडी मी चालवली. हा माझ्या शेजारी बसला. दोन्ही बूट पायात होते, तरी माझी मांडी उगीचच सावरून बसली होती. निघताना तो म्हणाला, "सहा किलोमीटरात काय होतंय? ईस्ट कोस्टवरून लांबून जाऊ." म्हणून तेवीस किलोमीटर गेलो. स्पंज आणि डबी आदल्या दिवशीच काढून टाकली होती. पेडल बिचारं सांगेल तेवढंच करत होतं. झटका एक, तोही आमच्या गेटजवळच्या गतिरोधकाचा.

समुद्राच्या बाजूला लागल्यावर तो मागे वळला आणि वळलेलाच राहिला. मग माझ्या हातावर हात ठेवून कुजबुजला, "झोपले."

मी आरशात पाहिलं. म्हाताऱ्याची मान खांद्यावर कलली होती, तोंड उघडं होतं.

"पेडल नाजूकच आहे पण," तो तसाच हळू आवाजात म्हणाला. हा माणूस सुधारणारा नव्हता.

पुढच्या वर्षी गाडी विकून तो मिरजेला कायमचा गेला. मी पुन्हा कंपनीच्या बसने सव्वा तासात जाऊ लागलो.

अण्णांना सोडायला गेलो त्या दिवशी विमानतळावर गाडी थांबवली, इंजिन मात्र चालू ठेवलं. बंद केलं तर जाग येईल, असं त्याने खुणेने सांगितलं. तिथे सामान उतरवण्यापुरतंच थांबता येतं. मागे गाड्यांची रांग लागली. पिवळं जाकीट घातलेला माणूस येऊन काचेवर टकटक करेपर्यंत आम्ही दोघं जागचे हललो नाही.